स्मार्ट घराची सुरुवात गिझरपासून करा

स्मार्ट होमचा, म्हणजे फोनवरून किंवा आवाजाने चालणाऱ्या घरगुती वस्तूंचा, ‘कॉम्बो पॅक’ घेऊ नका. सहा रंगीत बल्ब, दोन प्लग, एक स्पीकर, एक कॅमेरा आणि वर घसघशीत सवलत, असा तो प्रकार असतो. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या या पॅकमधला निम्मा माल होळीपर्यंत कपाटाच्या वरच्या खणात गेलेला असतो. नव्या माणसाने एका वेळी एकच वस्तू घ्यावी, महिनाभर वापरावी आणि घरच्यांची कुरकुर थांबली की पुढचीकडे वळावं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. फ्लॅट, वायरिंग, जाणारी-येणारी लाईट, सोसायटी हे सगळं आपल्याकडचं धरलं आहे, कारण परदेशातले व्हिडिओ पाहून खरेदी केली की नेमकी तिथेच गाडी अडते.

कुठलीही वस्तू घेण्याआधी एक प्रश्न विचारा. नेट बंद आहे, ज्याच्या फोनवर ॲप आहे तो ऑफिसला गेलाय आणि घरात फक्त आजी आहेत. त्यांना ही वस्तू हाताने चालवता येईल का? येत नसेल तर ती कितीही हुशार असली तरी आपल्या कामाची नाही.

पहिली पायरी: आधी त्रास शोधा

घरात रोज कशावरून चिडचिड होते ते लिहून काढा. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये आठवतं की गिझर बंद केला का नाही. गॅलरीतला दिवा सकाळी दहापर्यंत जळत राहतो. बेल वाजली की आईला गुडघे धरत दारापर्यंत जावं लागतं. एसीचा रिमोट सापडत नाही. यातला एक त्रास निवडा. ‘दिवा जांभळा करता येतो’ हा कुणाचाच त्रास नव्हता, म्हणून रंगीत बल्ब यादीत सगळ्यात शेवटी.

दुसरी पायरी: वाय-फाय तपासा

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ वस्तूत नसतं, राउटरमध्ये असतं. फायबरवाला केबल जिथून आत आली तिथेच राउटर ठोकून जातो, म्हणजे मुख्य दाराच्या वर किंवा टीव्हीच्या युनिटमागे. जिथे स्मार्ट वस्तू बसवायची आहे तिथे फोन घेऊन उभे राहा, दार लावा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. अडकत असेल तर प्लग घेण्याआधी राउटरची जागा बदला.

हल्लीचे बहुतेक राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक स्मार्ट वस्तूंना फक्त २.४ समजतं. त्याचा वेग कमी, पण भिंतींतून ते जास्त चांगलं जातं, आणि प्लगला वेग हवाय कुणाला! अडचण अशी होते की राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतो, फोन ५ वर बसतो आणि नवी वस्तू ‘सापडत नाही’ म्हणते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या. पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क २.४ वर सुरू करून सगळ्या स्मार्ट वस्तू त्यावर टाकल्यात तर आणखी चांगलं. उद्या एखादा कॅमेरा सुरक्षेत कच्चा निघाला तरी तुमचा लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर राहतो.

वाय-फायचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि साधं ठेवा, इमोजी वगैरे नकोत. आणि पुढे कधी राउटर किंवा कंपनी बदलली तर नव्या राउटरलाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. घरातल्या सगळ्या वस्तू आपल्या आपण जोडल्या जातात. एवढं केलं नाही तर एक अख्खा रविवार त्यात जातो.

तिसरी पायरी: गिझरचा प्लग

पहिली वस्तू म्हणून मी प्रत्येकाला १६ ॲम्पिअरचा स्मार्ट प्लगच सुचवतो, म्हणजे सॉकेट आणि गिझरची पिन यांच्या मध्ये बसणारा, फोनवरून चालू-बंद करता येणारा प्लग. स्वस्त असतो, वायरमन लागत नाही, आणि नाही जमलं तर काढून ठेवता येतो. त्यावर एक बटण असतं, म्हणजे आजींची परीक्षा पास.

आधी गणित. १५ लिटरचा साठवणीचा गिझर साधारण २००० वॉटचा असतो. २३० व्होल्टला तो पावणेनऊ ॲम्पिअर ओढतो. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॉटचा, म्हणजे तेरा ॲम्पिअर. बाजारात छोट्या पिनचे १० ॲम्पिअरचे प्लग जास्त दिसतात आणि किंमतही कमी असते. गिझरची जाड पिन त्यात जात नाही, मग लोक मध्ये कन्व्हर्टर लावतात. हे करू नका. जाड पिनचाच प्लग घ्या, खोक्यावर १६ ॲम्पिअर छापलेलं बघा आणि बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांकही शोधा.

लावल्यावर पहिल्या दिवशी गिझर वीस मिनिटं चालू द्या, कोरड्या हाताने प्लगला बाहेरून स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा सॉकेटभोवती पिवळट डाग दिसत असेल तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. बहुतेकदा दोष प्लगचा नसतो. जुन्या सॉकेटच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात किंवा मागचा स्क्रू ढिला असतो. पाणी उडेल अशा जागी सॉकेट असेल तर तिथे स्मार्ट प्लग लावूच नका.

आता जोडणी. कंपनीचं ॲप उतरवा, खातं उघडा. खातं कोणाच्या नावावर उघडायचं याचा विचार दोन मिनिटं करा. मुलगा सुट्टीत न्यू जर्सीहून आला, त्याने उत्साहाने सगळं त्याच्या तिकडच्या नंबरवर बसवलं आणि परत गेला, असं बऱ्याच घरांत होतं. मग इथे लॉगिन करायचं तर ओटीपी तिकडे, आणि तिकडे रात्रीचे दोन वाजलेले. घरासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा, त्यावर खातं काढा आणि बाकीच्यांना ॲपमधून ‘सदस्य’ म्हणून जोडा. पासवर्ड वाटत फिरू नका.

प्लगचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं की दिवा भरभर लुकलुकायला लागतो. याचा अर्थ तो जोडून घ्यायला तयार आहे. फोन २.४ वाल्या वाय-फायवर असू द्या, ब्लूटूथ चालू ठेवा, लोकेशनची परवानगी मागितली तर तेवढ्यापुरती द्या. काही फोन मध्येच ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही’ म्हणत मोबाईल डेटाकडे पळतात आणि जोडणी तुटते. त्या दोन मिनिटांसाठी मोबाईल डेटा बंदच ठेवा. संपर्क, फोटो यांची परवानगी प्लगच्या ॲपला लागण्याचं कारण नाही. नाकारा, काही बिघडत नाही.

मग वेळापत्रक. ‘सहाला चालू, साडेसहाला बंद’ एवढ्यावर थांबू नका. बहुतेक प्लगमध्ये स्वतःचं घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाईट जाऊन आली आणि नेट आलंच नाही तर त्या बिचाऱ्याला किती वाजलेत हेच कळत नाही, आणि बंद करण्याची वेळ निघून जाते. म्हणून ॲपमध्ये ‘चालू झाल्यापासून तीस मिनिटांनी बंद’ अशी सोय आहे का ते बघा. ही उलटी मोजणी बहुतेक प्लगच्या आतच होते, तिला घड्याळ लागत नाही. लावल्यावर राउटर बंद करून एकदा खात्री करून घ्या.

दुसरं सेटिंग त्याहून महत्त्वाचं: लाईट परत आल्यावर प्लगने काय करायचं? चालू व्हायचं, बंद राहायचं, की आधी जसं होतं तसं? गिझरसाठी ‘बंद’ ठेवा. हेच सेटिंग स्मार्ट बल्बमध्येही असतं आणि तिथे ते ‘चालू’ असतं. म्हणून पहाटे तीनला लाईट आली की बेडरूम लख्ख उजळते आणि सगळं घर उठून बसतं.

बिल किती वाचेल? फार नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट आणि पंधरा-सोळा मिनिटं लागतात. पुढे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट गिझरची वीज आपोआप तोडतो. विसरलेला गिझर दिवसभर २००० वॉट ओढत नसतो, टाकीतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच भरून काढत राहतो. ‘बिल निम्म्यावर’ असं जाहिरातीत दिसलं तर हसून पुढे जा. थर्मोस्टॅट बिघडला तर अडवणारं आणखी एक कुलूप आणि लिफ्टमधली धाकधूक संपणं, याच्यासाठी पैसे मोजायचे.

या प्लगवर काय लावायचं नाही तेही सांगतो. बादलीत टाकायचा हीटिंग रॉड आणि इस्त्री: दुरून किंवा वेळेवर आपोआप चालू होऊ शकेल असं काहीही या दोघांच्या जवळ नको. पाण्याची मोटर: सुरू होताना ती कितीतरी पट करंट खेचते, तिच्यासाठी वायरमनकडून वेगळा स्टार्टर करून घ्यावा. एसी: चालता कॉम्प्रेसर मागून वीज तोडून बंद करणं योग्य नाही. आणि राउटर. दुरून बंद केलात तर दुरून चालू कसा करणार?

चौथी पायरी: एसी, टीव्ही आणि इन्फ्रारेड

एसीसाठी इन्फ्रारेड ब्लास्टर नावाची डबी मिळते. ती जुन्या रिमोटचे इशारे शिकते आणि फोनवरून एसी, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स चालवते. स्वस्तात मिळणारी ही सगळ्यात उपयोगी वस्तू आहे असं माझं मत. मोठी मर्यादा अशी: ती फक्त बोलते, ऐकत नाही. कुणी हाताने रिमोटने एसी बंद केला तर ॲपमध्ये तो चालूच दिसतो. खरा रिमोट टाकून देऊ नका.

पाचवी पायरी: दिवे आणि पंखे

स्मार्ट बल्बची गोम भिंतीवरच्या बटणात आहे. बटण बंद केलं की बल्ब मेला, मग ॲप आणि आवाज दोन्ही निकामी. आपल्या घरात खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे आणि ती चांगली सवय आहे. तिच्याशी भांडू नका. कोपऱ्यातल्या दिव्याला किंवा गॅलरीला एखादा स्मार्ट बल्ब ठीक आहे. घेताना आपल्याकडच्या पिनच्या होल्डरचा, म्हणजे बी२२, आहे ना ते बघा. मुख्य दिव्यांसाठी बटणामागे बसणारं छोटं रिले मॉड्यूल, म्हणजे फोनच्या इशाऱ्यावर वीज जोडणारी-तोडणारी डबी, घ्या. जुनं बटण तसंच हाताने चालतं आणि फोनवरूनही चालतं.

मॉड्यूलला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागते. परदेशी व्हिडिओंमध्ये यावर बराच गहजब असतो, कारण तिकडच्या जुन्या घरांत बटणापर्यंत न्यूट्रल आलेलीच नसते. आपल्याकडे बोर्डावर बटणांबरोबर सहसा सॉकेटही असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथे असते. जिन्यातलं दोन्हीकडून चालणारं बटण किंवा नुसत्या बटणांची पट्टी असेल तिथे मात्र आधी वायरमनला उघडून दाखवायला सांगा. बॉक्सची खोलीही बघायला सांगा. मॉड्यूलर प्लेटमागे तारांचा गुंता असतो आणि मॉड्यूल कोंबून बसवलं तर ते तापतं. हे काम स्वतः करू नका.

पंख्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण विजेची खरी बचत इथे आहे. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगात तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण सोळा युनिट वाचतात. हे ॲप असो वा नसो. वाय-फायवाल्या पंख्याला जास्त पैसे देण्यापेक्षा त्याच पैशांत रिमोटवाले बीएलडीसी पंखे जास्त खोल्यांत लावा. बसवताना जुना रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करायला सांगा, रेग्युलेटरमागे बीएलडीसी पंखा लावला तर तो बिघडतो. रिमोट हरवला तर? बटण बंद-चालू करून पंखा सुरू होतो का ते दुकानातच विचारा.

उलट बाजूने, प्रत्येक स्मार्ट वस्तू नुसती वाट बघत बसण्याचीही थोडी वीज खाते. एक वॉट धरा, वर्षाला पावणेनऊ युनिट. दहा वस्तू झाल्या की सत्त्याऐंशी.

सहावी पायरी: बोलका स्पीकर

अमेझॉनचे एको स्पीकर भारतात २०१७ मध्ये आले आणि त्यांतून बोलणारी मदतनीस अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलू लागली. घरातल्या मराठी बोलणाऱ्यांसाठी सोय अशी की ‘गिझर चालू कर’ हे हिंदीतही चालतं. खोल्यांची आणि वस्तूंची नावं मात्र छोटी आणि एकमेकांपासून वेगळी ठेवा. ‘हॉल लाइट’, ‘हॉल लाइट २’ असं केलंत की भलताच दिवा लागतो. ‘माजघर’सारखी नावं हौसेने देऊन बघा, पण एखादं सोपं नाव हाताशी असू द्या.

स्पीकरवर मायक्रोफोन बंद करायचं बटण असतं. पाहुणे आले, पैशांची बोलणी चालू आहेत, तर ते दाबा. ॲपमध्ये जाऊन आवाजाच्या नोंदी ठरावीक काळाने आपोआप पुसण्याचं सेटिंगही लावा. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवून ठेवल्याच्या प्रकरणात अमेझॉनला अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरावे लागले, तेव्हा ही काळजी उगीचची नाही. स्मार्ट टीव्हीलाही हाच नियम. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय बऱ्याच टीव्हींमध्ये असते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ती शोधा आणि बंद करा.

सातवी पायरी: कॅमेरा

कॅमेरा सगळ्यांना सगळ्यात आधी हवा असतो. मी तो मुद्दाम सातव्या पायरीवर ठेवलाय.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या फौजेकडून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्याची युक्ती साधी होती: कारखान्यातून येतानाचे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. तेव्हा रस्त्यावरचा बिननावी कॅमेरा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. घेतल्यावर पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं (पासवर्डनंतर कोड मागणारं) लॉगिन चालू करा, अपडेट टाळू नका.

जागा: कॅमेरा आपल्या दारावर रोखलेला असावा. समोरच्यांचं दार उघडलं की त्यांचा हॉल दिसत असेल तर कोन बदला, आणि जिना-लॉबीत लावायचा असेल तर सोसायटीच्या कमिटीला आधी विचारा. नंतर होणारी भांडणं कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग पडतात. बेडरूममध्ये कॅमेरा नको, कोणत्याही कारणाने नको. स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना घरात कॅमेरा आहे हे तोंडाने सांगा.

बाहेरगावी किंवा परदेशात असलेली मुलं आईवडिलांसाठी कॅमेरे लावतात, तेव्हा तर आधी आईवडिलांना विचारायलाच हवं. पंचाहत्तरीच्या माणसालाही पाय पसरून बसायचं असतं, कुणी बघत नाही म्हणून दुसरा लाडू खायचा असतो. झाकण सरकवता येणारा कॅमेरा घ्या आणि ते सरकवण्याचा हक्क त्यांच्याकडे राहू द्या. बऱ्याचदा कॅमेऱ्यापेक्षा दारावरची व्हिडिओ बेल आणि बाथरूमजवळ रात्री आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा यांचाच त्यांना जास्त उपयोग होतो. त्या दिव्याला तर वाय-फायही लागत नाही.

मेमरी कार्ड सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं घ्या, साधं कार्ड त्या माऱ्यापुढे फार टिकत नाही. आणि कॅमेरा व राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाईट गेल्यावर आंधळा होणारा कॅमेरा काय कामाचा?

स्मार्ट कुलूप

याला पायरी म्हणत नाही, कारण बहुतेकांना त्याची गरज नसते. घ्यायचंच असेल तर साध्या किल्लीनेही उघडणारं घ्या आणि ती किल्ली घराबाहेर, विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवा. कुलपातले बॅटरीचे सेल संपत आले तर बाहेरून तात्पुरती वीज देता येते का ते बघा. पावसाळ्यात फुगणारं लाकडी दार असेल, कोकणात तर ते असतंच, तर विचार सोडून द्या. दार चौकटीत नीट बसत नाही, बोल्ट अडकतो आणि मोटर कुरकुरत बसते.

कंपनी बंद पडली तर

हे घडतं. रिव्हॉल्व नावाचा तीनशे डॉलरचा हब, म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र जोडणारा डबा, २०१६ मध्ये नेस्ट कंपनीने बंद केला आणि लोकांच्या हातात नुसता डबा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर कुणाला न सांगता बंद झाले. पण इन्स्टिऑनची भिंतीवरची बटणं हाताने चालत राहिली, म्हणून ती घरं अंधारात गेली नाहीत. सुरुवातीचा आजींचा प्रश्न इथे कामी येतो.

नव्या खरेदीत खोक्यावर ‘मॅटर’चं चिन्ह शोधा. ॲपल, गुगल, अमेझॉन, सॅमसंग या सगळ्यांनी मिळून मान्य केलेली ही पद्धत २०२२ मध्ये आली. ती वस्तू एका कंपनीच्या ॲपला बांधलेली राहत नाही आणि घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरशिवाय बोलू शकते. थोडे पैसे जास्त पडतात. हात बसला आणि आवड लागली तर होम असिस्टंट ही मोफत प्रणाली एखाद्या छोट्या संगणकावर टाकून सगळं घरातच ठेवता येतं, पण पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नका.

घर सोडताना

भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार संपला की ही पायरी विसरली जाते. मॉड्यूल काढून जुनी जोडणी पूर्ववत करून घ्या किंवा घरमालकाशी बोलून तसंच ठेवा. कुलपातले कामवाल्या बाईंचे, ड्रायव्हरचे, पाहुण्यांचे कोड पुसा. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घ्या. मग प्रत्येक वस्तू आधी ॲपमधून काढा आणि नंतर बटण दाबून रिसेट करा, क्रम हाच. नुसतं रिसेट करून विकलेली वस्तू बऱ्याच कंपन्यांच्या नोंदीत जुन्याच खात्यावर राहते, नव्या माणसाच्या फोनवर ती जोडली जात नाही, आणि मग त्याचे फोन तुम्हाला येत राहतात.